नामानिराळे

बर्चचे लाकूड आम्लात शिजते तेव्हा
गोड वास येत नाही.
ओल्या पुठ्ठ्याचा येतो, मागून जरा व्हिनेगरचा.
"नाक चालतं ना? मग मीटर नंतर बघ,"
पहिल्या रात्री विएनो हाक्काराइनेन म्हणाली.
बाहेर उणे एकवीस. नदीचे मुख गोठलेले,
एक टग बोट बर्फात कुल्ला करून बसलेली.

आत, जाड पोलादी पोटात,
एकशे वीस अंश, पन्नास बार,
झायलोज आणि हायड्रोजन समोरासमोर,
आणि एकमेकांशी बोलेनात.
कुणीतरी मध्ये पडावे लागते.

निकेल पडते.
राखाडी चिखल, पाण्याखाली ठेवलेला,
कोरडा झाला की आपणहून पेटणारा.
अंगभर भोके:
ॲल्युमिनियम होते तिथे, ते अल्कलीने खरवडून नेले.
(कुणाला कामाचे करायचे
तर आधी त्याच्यातले बरेच काढून घेतात.)
त्या भोकांत हायड्रोजनची जोडी येऊन टेकते,
फुटते, एकेकटी होते.
झायलोज शेजारी बसते
आणि उठते ते झायलिटॉल होऊन.
निकेल जागच्या जागी.
करून सवरून नामानिराळे.

"असं पुस्तकात,"
विएनो वही पुढे सरकवते.
पहिली बॅच: नव्वद मिनिटे.
साठावी: दोन तास दहा.
एकशे चौथीपुढे नुसते उद्गारचिन्ह.
गंधकाचा एक कण येतो, जागा धरतो,
उठायचे नाव घेत नाही.
थोडे निकेल विरघळते, पुढे रेझिनमध्ये अडकते.
थोडे नुसतेच थकते, कडा बोथट होतात.

आउलिसने एकदा फिल्टर उघडा टाकला,
कॉफीला गेला, पाच मिनिटे.
त्याचा डावा हात अजून
हस्तांदोलनात मागे राहतो.

पहाटे सेंट्रिफ्यूजमधून तिने चिमूटभर स्फटिक
माझ्या तळहातावर ठेवले.
जिभेवर गोड, आणि लगेच गार,
खिडकीची काच चाटल्यासारखे.
"विरघळायला ऊब लागते. ती तुझी घेतली त्यानं.
फुकट कुणी विरघळत नाही."
हसली. वरची कवळी.
लहानपणी पाक फार खाल्ला, म्हणाली,
दात वाचवणारी साखर आली
तोवर दात गेले होते.

शुक्रवारी तिची शेवटची शिफ्ट.
आम्ही निकेल काढले, धुतले, काटा लावला,
पिंपात काठोकाठ पाणी भरले.
घातले होते चाळीस किलो.
निघाले सदतीस किलो दोनशे.

वहीत घटीच्या कारणाला एक रकाना आहे.
चौतीस वर्षे तिथे काय लिहीत आली, पाहिले नव्हते.
तिने चष्मा पुसला,
हातमोजा दातांनी ओढून काढला,
आणि लिहिले: काम.