झेड

रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह निघायचा
प्लायवूडच्या भिंतीला बाहेरून वळसा घालून,
पोऱ्याच्या खिशात, मंदाझीच्या चुऱ्यासकट.
सकाळी परत.
मग एकदा पोऱ्याला ताप आला पाच दिवस,
आणि एका खतावणीच्या दोन झाल्या.
दोन्ही खऱ्या.

होडीवाल्या ओबुयाच्या नावावर इकडे
चार हजार सहाशे शिलिंग येणं,
तिकडे काहीच नाही.
तो बापडा तिकडच्याच दाराने आत शिरायला लागला.

तेव्हा मला बोलावलं.
मी काकामेगाकडचा. किसुमूत नऊ वर्षं झाली,
लुओ कळते, पण भांडणातली नाही.
दुकान जाळ्यांचं, दोरांचं, शिशाच्या गोळ्यांचं,
दाराशी ओमेनाचा वास. मालकिणी जुळ्या:
आधी आली ती आपियो, मागून आली ती आडोंगो.
इथे नावातच नंबर लागतो,
नंतर बदलून मिळत नाही.

म्हटलं, डेटा एकाच मशीनवर ठेवावा लागेल.
“कुणाच्या?”
भिंतीच्या दोन्ही अंगांनी, एकाच दमात.
मी रॅम बघितली, डिस्क बघितली,
उगाच पुन्हा एकदा बघितली.
आपियोचं मशीन नवं होतं.
“असणारच,” आडोंगो म्हणाली.

फोल्डरवर उजवी क्लिक. शेअरिंग. परवानगी.
नुसतं वाचायची, की लिहायचीही?
आपियो स्क्रीनकडे बघत राहिली.
बाहेर कुणी हात पसरून नायलॉनचा दोर मापत होतं,
एक वाव, दोन वाव, तीन.
“वाचू दे,” म्हणाली.
मी सांगितलं, तेवढ्याने सॉफ्टवेअर उघडणार नाही,
ते उघडतानाच कुठेतरी लिहून ठेवतं
कोण आत आलंय.
दोर मापणारा अकरावर पोचला.
“मग लिहू दे.”

पलीकडे जाऊन मी वाट टाइप केली:
दोन तिरप्या रेघा, आपियोच्या मशीनचं नाव,
एक रेघ, फोल्डर.
ह्याला मॅप करणं म्हणतात, पण नकाशा कसलाच निघत नाही.
आपल्याच डबड्यांच्या रांगेत आणखी एक डबडं दिसतं,
झाकण उघडावं तर आतला माल भिंतीपलीकडचा.
त्याला एक अक्षर लागतं.
झेड ठेवलं.
“पुन्हा शेवटचं,” आडोंगो म्हणाली.
म्हटलं, वाय देतो.
“राहू दे. सवय आहे.”

पुढच्या वेळी आपोआप जोड, ह्या चौकोनात मी टिचकी मारली
आणि ओबुयाचं खातं दोघींच्या स्क्रीनवर उघडून दिलं.
आडोंगोने तपशिलाच्या रकान्यात लिहिलं,
सावकाश, एका बोटाने:
दिले. मी मोजून घेतले. नोटा ओल्या होत्या.
भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.
कुणी काही बोललं नाही.
ताळा मात्र जुळला.

चौथ्या दिवशी दुपारी आडोंगोचा फोन.
वीज गेली होती, तिचा लॅपटॉप चालू होता,
झेडवर लाल फुली.
म्हटलं, येईल वीज.
तासाने पुन्हा फोन: वीज आली, फुली तशीच.
“तिचं मशीन बंद असेल,” मी म्हटलं,
“ते चालू असल्याशिवाय तुमचं काही उघडणार नाही.”
“मग?”
“मग तिला सांगा, चालू कर म्हणून.”

फोनवर बराच वेळ
नुसता पंखा ऐकू येत राहिला,
बोडाबोडाचे हॉर्न,
आणि कुणीतरी पाच किलो शिसं मागत होतं
त्याला उत्तर नाही.
मग प्लायवूडवर बोटांची पेरं.
दोनदा. थांबून, तिसऱ्यांदा.

फोन ठेवायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.
मीच ठेवला.
बिल कुणाच्या नावावर करायचं
हे विचारायचं राहूनच गेलं.