दार क्रमांक ७४९

सर्वर बर्डीत, तिसऱ्या मजल्यावर, कुलपात.
मी मानकापूरला, गच्चीवर, बाजेवर.
मे महिना, रात्रीचे साडेअकरा,
आणि सिमेंट अजून दिवसाचा ताप ओकतंय.
मांडीवर ओला टॉवेल, टॉवेलवर लॅपटॉप.
इथून तिथवर सातशे एकोणपन्नास नंबरचं एक दार आहे.
ते चालू ठेवायचं, एवढीच माझी नोकरी.

बँकेची अडीच हजार माणसं त्या दारामागे
नुसत्या नावांनी राहतात.
काटोल, उमरेड, पवनी, भिवापूर.
मी कुणाचंही नाव घालू शकतो, खोडू शकतो,
कुणाचीही किल्ली बदलू शकतो,
पाहू मात्र एकाचीही शकत नाही.
लग्नात आहेराची पाकिटं सांभाळत बसलेला मामा असतो ना,
तसं.

ज्यांनी हे बनवलं, त्यांनी नाव दिलं तीन तोंडांच्या कुत्र्याचं.
हे ऐकून ढोमणे साहेब सुपारी कातरत म्हणाले होते,
"आपल्याकडं तीन तोंडं दत्ताले, कुत्रे पायाशी.
त्यायच्याकडं कुत्र्यालेच तीन तोंडं.
म्हंजे देव सुटीवर हाय."

अधिकारांची एक फाईल असते, आठ-दहा ओळींची.
नाव, आणि नावापुढे इंग्रजी अक्षरं.
लहान डी म्हणजे खोडायची मुभा,
मोठा डी म्हणजे मनाई.
अक्षर तेच. ताठ उभं राहिलं की नकार.
आपल्या लिपीत ही सोय नाही,
आपल्याला अख्खं 'नाही' लिहावं लागतं.

साहेबांच्या नावापुढे फक्त एक चांदणी होती: सगळं काही.
ते निवृत्त झाले त्या संध्याकाळी मी ती पुसली
आणि सर्वर बंद करून पुन्हा चालू केला,
कारण तो ही फाईल उठल्यावर एकदाच वाचतो,
मधे काय बदललं ते त्याच्या गावीही नसतं.

फोन वाजतो. भिवापूर शाखा, संघमित्रा नंदेश्वर, कॅश काउंटर.
"चार महिने सुटीवर होती भाऊ. उद्या रुजू होते.
पासवर्ड आठवून नाही राहिला."
म्हटलं, नवा देतो, दोन मिनिटं थांबा.
"नवा नको. जुना काय होता तेवढं सांगा ना.
तो मी नव्हता ठरवला.
हे घ्यायला आले होते, काउंटरच्या पलीकडून सांगत गेले
अन् मी टाइप करत गेली.
शेवटी कायतरी आकडे होते."

खाली कूलरची मोटर घरघरतेय.
वाळ्याचा ओला वास जिन्याने वर येतोय.
मी तिची नोंद उघडतो.
शेवटचा बदल: अकरा डिसेंबर, सायंकाळी सहा बारा.
किल्ल्या: एक.
त्यापलीकडे काही दिसत नाही.
दिसू नये असंच ते बांधलंय
आणि मी ते चोख चालवतो.

"दिसत नाही ताई."
मग, का कोण जाणे, वेळ वाचून दाखवतो.
सहा वाजून बारा मिनिटं.

"हो," ती म्हणते. "गाडी चालूच ठेवली होती बाहेर."

बराच वेळ नुसता कूलर.
मग मी नवा देतो,
पहिल्यांदा आत गेल्या गेल्या बदलावाच लागेल असा.
ती तो कशाच्या तरी पाठीवर लिहून घेते,
एकेक अक्षर परत म्हणत.

सकाळी दहाला पुन्हा तीच.
"नवापण घेत नाही भाऊ."
काउंटरचं मशीन चार महिने बंद. घड्याळ नऊ मिनिटं मागे.
पाच मिनिटांपेक्षा मागे राहिलेल्याला
हे दार ओळखत नाही,
पासवर्ड कितीही खरा असो.
मी शिपायाला फोन द्यायला सांगतो.
शिपाई घड्याळ पुढे करतो. "झालं मॅडम. टाका आता."
कळफलकाचा आवाज येतो, थांबतो, परत येतो.

इकडे मी ओळी सरकताना बघत बसतो.
कामठी. उमरेड. उमरेड. सावनेर.
नंदेश्वर, भिवापूर, दहा चौदा.
तिकीट दिलं, दहा तासांचं.
रात्री आठ चौदापर्यंत.