एक वीत दांडी

खुराडं सहा जणींसाठी बांधलेलं.
आल्फेनं जुन्या होडीच्या फळ्या कापून केलं होतं,
म्हणून आतल्या भिंतीवर अजून
होडीचं अर्धं नाव वाचता येतं: सँत आ—
पुढे आन होती की आगाथ,
त्यालाही आठवत नाही,
किंवा आठवतं आणि सांगत नाही.

एप्रिलात करडी खुडूक बसली.
म्हटलं बसू दे,
बर्फ वितळतंय, कुणीतरी काहीतरी उबवलेलं बरं.
आठांतून सात निघाली.
त्यातले दोन कोंबडे निघाले. ते फ्रिकोच्या पातेल्यात गेले,
त्याबद्दल मला बोलायचं नाही.
मग ऑगस्टात झेलिया म्हातारी लेकीकडे मॉन्क्टनला कायमची गेली
आणि पहाटे आमच्या फाटकाशी
डालग्यात चार ठेवून गेली.
चिठ्ठी नव्हती.
चिठ्ठीत लिहिणार तरी काय.

भरती-ओहोटीच्या कॅलेंडरमागे मी हिशेब मांडला.
कोंबडीला बसायला एक वीत दांडी.
दांडी सहा फूट, म्हणजे आठ वीत.
कोंबड्या पंधरा.
तीनदा मांडला.
दरवेळी सात कोंबड्या हवेत राहिल्या.

तिन्हीसांजेला बघायला हवं होतं तुम्ही.
करडी आधी. कोपरा तिचा, ते ठरलेलं.
मग जुन्या पाच, खांद्याला खांदा लावून,
जशा चर्चमध्ये पहिल्या बाकावरच्या बायका.
मग तलंगा उड्या मारणार,
चोच खाणार, खाली पडणार, परत उडी.
झेलियाच्या चौघी अंडी घालायच्या खोक्यांवर
रात्रभर बसून खालचा पेंढा घाण करायच्या.
ऑक्टोबरात काचेला आतून पाणी सुटलं.
दार उघडलं की वास डोळ्यांत जायचा.
एका तांबडीची पाठ उघडी पडली,
बाकीच्यांनी तिथेच टोचून टोचून.
तिला डांबर लावताना ती माझ्या कुशीत
इतकी गप्प राहिली
की मलाच काहीतरी बोलावं लागलं.

जागा होती.
जागा कुठे आहे ते घरात दोघांनाही माहीत होतं.
मागच्या शेडमध्ये शेवंडीचे सापळे,
छतापर्यंत, एकशे ऐंशी,
दोऱ्या गुंडाळलेल्या, तरंगे रंगवलेले,
जणू सोमवारीच निघायचंय.
परवाना विकून तीन वर्षं झाली,
खांदा त्याआधीच गेलेला.
मी एकदाच म्हटलं,
"सापळ्यांना थंडी वाजत नाही, आल्फे."
तो चहात साखर ढवळत राहिला.
तो साखर घेत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी हंगाम सुटला.
पहाटे बंदरातून दिवे निघाले, एकामागे एक.
आम्ही खिडकीशी उभे होतो,
म्हणजे तो उभा होता, मी कणीक तिंबत होते.
शेवटचा दिवा धुक्यात गेल्यावर
त्यानं बूट चढवले.
दुपारी पुतण्या, रेझाँ, पिकअप घेऊन आला.
पाच खेपा झाल्या.
पैशांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.
एक सापळा मागे राहिला,
चुकून म्हणाला.
त्यात मी आता शिंपल्यांचा चुरा ठेवते.

शेडला त्यानं अठरा फुटांची दांडी घातली.
चोवीस वीत. पंधरा जणी.
उरलेल्या नऊ वितींवर दोनदा हात फिरवला मी,
नवी ओढणी घेतल्यासारखा.
खोकी सहा. वर, छताजवळ, दमट हवा जायला फट.

पहिल्या रात्री एकही आत येईना.
जुन्या खुराड्याच्या बंद दाराशी सगळ्या,
बर्फात, पंधराच्या पंधरा.
बॅटरी तोंडात धरून
काखेत दोन-दोन घेऊन त्यानं आणल्या,
दुखऱ्या खांद्याच्या बाजूनं एकेक.

दुसऱ्या रात्री आपण होऊन आल्या.
मी कंदील वर धरला.
अठरा फुटांची दांडी,
आणि दाराकडच्या कोपऱ्यात
पंधरा जणी,
एकीच्या पंखाखाली दुसरीचं डोकं,
झेलियाची एक चक्क करडीला टेकून,
उघड्या पाठीची मधोमध,
सगळ्या मिळून नऊ वीत, फार तर दहा.
बाकीची दांडी कोरी.

आल्फे माझ्यामागे उभा होता.
हसला नाही.
"घे," म्हणाला, "मोज आता."