आज सोमवार नाही

केरबा संकपाळ गेला त्या गुरुवारी
खाली ओढलेलं शटर बघून
तालमीतलं एक पोरगं म्हणालं,
"आज सोमवार हाय व्हय?"
कुणी उत्तर दिलं नाही.

गंगावेशीतून नदीकडं उतरताना डाव्या हाताला
पिठाच्या गिरणीला चिकटलेलं ते दुकान.
दोन खुर्च्या. एक कायमची मोडकी,
तिच्यावर पोरांसाठी आडवी फळी.
त्या फळीवर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा
त्यानं माझ्या टाळूवरून अंगठा फिरवला
आणि माझ्या बापाला सांगितलं,
"दोन भोवरं हाईत. दोन लग्नं करंल,
न्हाईतर दोनदा नापास हुईल."

मी दोनदा नापास झालो.
दुसऱ्या निकालादिवशी त्यानं पैसे घेतले नाहीत,
विषय कुठला राहिला तेही विचारलं नाही,
नुसती मानेवर गार तुरटी फिरवत राहिला
जरा जास्त वेळ.

पैलवानांचे कान त्याला तोंडपाठ.
फुटून गोळा झालेल्या कानामागून वस्तरा असा न्यायचा
जसा एखादा म्हातारा
झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून जातो.
फुटबॉलच्या दिवसांत
दोन पेठांची पोरं एकमेकांशी बोलत नसायची
पण त्याच्या बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसायची.
कुणी कुरकुरलंच तर म्हणायचा,
"गळा माझ्या हातात हाय रं, गप बस."

सकाळी हे दुकान उघडायच्या आधी
घरी त्याचं दुसरं दुकान चालायचं.
उंबऱ्यावर तीन मुली एकीमागं एक,
सहा वेण्या, सहा लाल रिबिनी,
भांग असा की शाळेतल्या बाईंनी फूटपट्टी ठेवून बघावा.
पुढं हिराक्काचा उजवा हात लुळा पडला
तेव्हा संध्याकाळी तिचीही वेणी त्याच्याकडं आली.
दिवसभर पेठेचे केस कापून आलेला माणूस
दारातल्या दगडावर कोपरापर्यंत हात धुवायचा
आणि मग तिच्यामागं बसायचा.
ती म्हणायची, "आवळू नगासा."
तो म्हणायचा, "गिऱ्हाईकानं बोलायचं न्हाई."

पुराचं पाणी आलं, आरसा निम्मा बुडाला.
गाळ धुतला तरी काचेत एक तांबूस रेघ राहिली.
त्यानं काच बदलली नाही.
त्यानंतर दाढीला बसणारा प्रत्येकजण
हनुवटीपर्यंत पाण्यात दिसायचा,
आणि हा मागं उभा, रेघेच्या वर,
एका हातानं त्याचं डोकं धरून.

बाप गेला तेव्हा पंचगंगेच्या घाटावर
माझं डोकं त्यानंच केलं.
जन्मभर बडबडलेला माणूस, तेव्हा एक शब्द नाही.
फक्त शेवटी, भोवऱ्यांपाशी, वस्तरा थांबला
आणि अंगठा फिरला,
तसाच, फळीवरच्यासारखा.

मग माझे केसच गेले. दोन्ही भोवरे गेले.
तरी महिन्याला जायचो.
तो कापड झटकायचा, मानेला गुंडाळायचा,
आणि माझ्या डोक्याभोवती कात्री
नुसती हवेत वाजवत राहायचा, चांगली पंधरा मिनिटं.
गिरणीवाल्याच्या बायकोपासून नगरसेवकापर्यंत
सगळ्यांच्या बातम्या त्या आवाजात.
कानामागचे चार केस खरे कापायचा
आणि पैसे पूर्ण घ्यायचा.
कमी घेतले असते तर मी पुन्हा गेलो नसतो,
हे त्याला ठाऊक होतं.

त्याच्या उशाशी थोरली छबू कंगवा घेऊन बसली.
पांढऱ्या केसांत भांग पाडला,
मोडला,
पुन्हा पाडला.
हिराक्का भिंतीला टेकून बघत होती.
तिचे केस त्या दिवशी मोकळेच होते.

काल भाचीच्या लग्नासाठी म्हणून
कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये शिरलो.
गार हवा, मोठा आरसा, कुठंही रेघ नाही.
पोरगं चांगलं होतं, माझ्या डोक्याकडं बघून अडखळलं,
"काका... काय करायचं?"
"कायबी करू नकोस," म्हणालो,
"जरा वेळ कात्री वाजव."
ते हसलं नाही. ड्रॉवर उघडून शोधू लागलं.
त्याच्या दुसऱ्या हातात
मशीन सुरूच होतं.