कोऱ्या काडतुसाची काजळी

गोळी असली की नळी थोडी तरी स्वतःला झाडून घेते,
चाँदपाशा म्हणतात,
सलामीच्या काडतुसात गोळीच नाही,
नुसता धूर. तो जाणार कुठं?
बसतो आतच.

हिंगोली मुख्यालय, कोतच्या मागची शहाबादी फरशी.
तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर एसएलआर उघडी:
गॅस प्लग, स्प्रिंग, ब्रीच ब्लॉक,
फायरिंग पिन वेगळी, वाटीत,
हरवली तर चौकशी लागते म्हणून.
पिस्टनचं डोकं सकाळपासून रॉकेलात बुडलेलं
तरी काजळी कड सोडत नाही.
मी पेचकस उचलला तसे म्हातारे ओरडले,
"नक्को गे माय, लोखंडाला लोखंड नक्को."
आणि खिशातून काढलं वीस पैशांचं पितळी नाणं,
कमळ पुसून गेलेलं, कडेला धार आलेली.

खरवडते आहे.
हे काळं तव्याच्या बुडाचं नाही.
चकाकतं, पापुद्र्यानं सुटतं,
नखात शिरतं
आणि भाकरीच्या पिठात परवापर्यंत दिसत राहतं.

काल तीन फैरी.
कोऱ्या काडतुसाला जोर नसतो, रायफल आपसूक भरत नाही,
दर फैरीला हातानं ओढावं लागतं.
वसमत रस्ता, उसाची ट्रॉली, मागं रिफ्लेक्टर नाही,
बंदोबस्तावरून परतणारा नागसेन खिल्लारे.
त्याच्या गावच्या गायरानात आम्ही अकरा जण,
नळ्या आभाळाकडं.
पहिल्याच फैरीला माझ्या रायफलीतून
निळसर धूर निघाला, जळक्या तेलाचा,
गालावर एक गरम ठिपका.
शेजारची करवंदे ओठ न हलवता म्हणाली,
"एवढं तेल कोण लावतं?"

मला माहीत होतं.
रजिस्टरमध्ये बट नंबर सत्तेचाळीस,
माझ्या सहीच्या वरची सही
उजवीकडं कलंडलेली, शेवटच्या रे ला लांब शेपूट.
खिल्लारे तेल जास्तच लावायचा.
"उन्हाळा हाय गायसमुद्रे, हिलाबी तहान लागती."
चाँदपाशा त्याला रोज झापायचे:
तेलावर धूळ बसती, धुळीचा लेप होतो,
ऐनवेळी अडकली तर पाणी पाजशील का हिला?

फुलतरूची दोरी ओढली. पहिली चिंधी काळी,
दुसरी राखाडी,
पाचवी पांढरीच्या जवळपास.
नळी खिडकीकडं धरून एक डोळा मिटला:
पेच गोल फिरत लांब गेलेले, टोकाला
मैदानावरच्या लिंबाचा एवढासा हिरवा तुकडा.
त्याच्या तेलाचं आत आता काही उरलं नाही.

तेल बोटाला कळावं, डोळ्याला दिसू नये.
एकतीस वर्षांत त्यांचा एवढाच धडा.
तसंच लावलं. ब्लॉकच्या खाचांना, स्प्रिंगला.
पिस्टनला नाही, तो कोरडाच ठेवायचा असतो.
मग बाटलीचं बूच लावायच्या आधी
एक थेंब आणखी,
खाचेतून फरशीवर ओघळेल एवढा.

चाँदपाशांनी पाहिलं.
चिंधी त्यांच्या हातातच होती.
तिची घडी करत बसले.