एक दात

साठच्या आत गाडी शहाण्यासारखी वागते.
बासष्टला काचा बोलायला लागतात,
अडुसष्टला ओरडतात,
पंच्याहत्तरच्या पुढे पुन्हा गप्प.
हसुराम मढवी म्हणाला,
"भूत असतं तर एवढं वेळेवर आलं नसतं."

माझा गाळा रबाळ्याला, नाल्याच्या कडेला.
त्याचा टेम्पो तुर्भ्याहून काच नेतो,
खिडक्यांची, आरशांची,
एकदा एका देवळाच्या गाभाऱ्याची.
मागच्या महिन्यात तीन तावदानं गेली,
उलव्याच्या बिल्डरने बिलातून कापली.

मी आधी रस्त्यावर ढकललं.
मग टायरवर. त्याने चार नवे घातले.
मग बॅलन्सिंग, मग इंजिनाचे माउंटिंग.
दर वेळी तो नोटा मोजायचा,
अंगठ्याला थुंकी लावून, सावकाश,
आणि मी नजर जॅकवर ठेवायचो.

शेवटी पहाटे साडेचारला दोघंच निघालो,
ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा असतो तेव्हा.
चालवायला त्यालाच दिलं. मी चप्पल काढून
तळवा पत्र्यावर टेकवला.
डावा कान लेथवर गेलाय माझा,
तेव्हापासून थोडं पायानंच ऐकतो.
स्टेअरिंग शांत. म्हणजे पुढची चाकं नाहीत.
"गिअर बदल, वेग तोच ठेव."
थरथर तीच.
"आता न्यूट्रल."
इंजिनाचा आवाज खाली बसला
पण सीटखालची थरथर उठली नाही,
घणसोलीपर्यंत सोबत आली.
इंजिन निर्दोष सुटलं.
राहिला शाफ्ट.

गाडी खड्ड्यावर घेतली.
क्रॉस हलवून पाहिले, घट्ट.
सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत.
डायल लावून शाफ्ट फिरवला,
काटा केसभर हलला, तेवढं चालतं.
मग बॅटरीचा उजेड तिरका धरला
आणि दिसलं:
दोन योकचे कान एका रेषेत नाहीत.
पुढचा ताठ, मागचा जरा मान वळवून,
पंगतीत रुसलेल्या व्याह्यासारखा.
स्प्लाइनवर
एक दात चुकलेला.

क्लचप्लेट बदलताना हा शाफ्ट
शिमग्याच्या आधी मीच उतरवला होता.
खडूने खूण केली होती.
ग्रीस पुसलं,
त्याच फडक्याने खूणही.

सांगायचं की नाही, यात एक चहा गेला.
शाफ्ट ओढला, एक दात फिरवला, बसवला.
काम वीस मिनिटांचं.
तो म्हणाला, "किती झाले?"
मी म्हणालो, "मलाच द्यायचेत तुला,"
आणि सगळं सांगितलं, फडक्यासकट.
तो बराच वेळ टायरांकडे बघत राहिला,
अजून रबराची लव न झडलेल्या.
"हे तरी चालतील चार वर्षं," म्हणाला.
माफ केलं, असं काही म्हणाला नाही.

आता खडू ठेवत नाही.
दोन्हीकडे पंच मारतो, हातोडीने,
लोखंडात उतरेल असा.

कधी दुपारी त्याचा फोन येतो.
बोलत नाही. फोन क्लीनरच्या हातात,
क्लीनर तो काचांजवळ धरतो,
अडुसष्टला.
मी उजव्या कानाला लावून
ते न वाजणं ऐकत राहतो.
मग लांबून, वाऱ्यातून, हसुराम:
"ऐकलंस ना?
दोन हप्ते राहिलेत."