स्टार्टरच्या पेटीत

मोटर उचलत नव्हती.
समडोळीच्या मळीत, वारणेकाठी,
मेन पाडून सातगोंडांच्या स्टार्टरची पेटी उघडली
तर रिलेला चिकटून मातीचं बोळकं,
बोराएवढं, तोंड अजून उघडं.

फोडायला पाना उचलला, तेवढ्यात कुंभारीण आली.
पोटाखाली हिरवी आळी, तिच्यापेक्षा लांब.
मला तिनं मोजलंच नाही.

आळी मेलेली नसते.
नांगीचा टोचा नेमक्या जागी बसतो,
न्यूट्रल तोडल्यासारखा:
करंट आहे, चाल नाही.

डोकं आधी, मग उरलेली सगळी
उशीच्या खोळीत कापूस कोंबावा
तशी तिनं आत सारली.

सातगोंडा बांधावरून म्हणाले,
"खात नाही हं ती. टोचून टोचून आपल्यासारखी करते.
ध्यास घेऊन घेऊन आळीच कुंभारीण होते.
प्रवचनात ऐकलंय."

मागल्या साली तुंगात असलंच एक बोळकं
माझ्या हातून फुटलं होतं.
आत आठ आळ्या, एकमेकींत गुंडाळलेल्या,
आणि एक पांढरी, बिनडोळ्यांची,
आठवीला निम्म्यापर्यंत आलेली.
उरलेलं निम्मं हलत होतं.

तशी प्रवचनातली गोष्ट खोटी नाही.
मधलं तेवढं सांगायचं राहतं.

"काढा ते, पण जीव जाऊ देऊ नका," सातगोंडा म्हणाले.
कुणाचा, ते म्हणाले नाहीत.
त्यांच्या पायाशी फवारणीचा पंप,
नोझल उन्हात उपडं घातलेलं.
कोबीचा प्लॉट कालच मारून झालेला.

मी टेकलो. थ्री फेजला अजून तास होता.
ती पाइपच्या गळक्या जॉइंटवर जाऊन
ओल्या मातीची गोळी घेऊन आली,
तोंड लिंपलं, वरून डोक्यानं दाबलं
आणि गेली. मागं वळून बघणं
तिच्या कामात बसत नाही.

मग दोन स्क्रू ढिले केले,
रिले दोन सूत डावीकडं घेतला.
चार वाजता मोटर उचलली.
पेटी थरथरायला लागली, बोळकंही.

"दोनशे? एवढा वेळ तर नुसता बसला होता!"
"बसायचे धरले नाहीत, अण्णा."

झाकण लावताना वास आला.
ऑइलचा नव्हे, दुसरा,
कोबीवरचा.
ती आळी तिनं कुठल्या पानावरून उचलली असंल?

विचारणार होतो.
पाणी सरीला लागलं होतं,
ते तिकडं पळाले.